‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’चा पदच्छेद

ग्नू रेडिओ हे सिग्नल प्रोसेसिंगचं मुक्त सॉफ्टवेअर. एरिक ब्लॉसम यांनी २००१ साली ते सुरू केलं. त्यासाठी स्वतःचं मॉड्यूल बांधताना चार टप्पे लागतात: सीमेकची मांडणी, कंपाइल, लिंक आणि शेवटी पायथनमध्ये इम्पोर्ट. दोष एका टप्प्यात राहतो आणि दिसतो पुढच्या टप्प्यात, म्हणून एररची ओळ शब्द फोडून वाचावी लागते. शिकवणीतलं ‘हाउटो’ मॉड्यूल आणि त्यातला संख्येचा वर्ग करणारा ‘स्क्वेअर_एफएफ’ ब्लॉक इथे उदाहरणाला घेतला आहे.

मूळ १ : «कुड नॉट फाइंड अ पॅकेज कॉन्फिगरेशन फाइल प्रोव्हायडेड बाय ग्नूरेडिओ»

भाष्य : इथे कळीचा शब्द ‘फाइल’. ग्नू रेडिओ व्यवस्थित चालत असतानाही ही ओळ येते, कारण सीमेक शोधतो तो त्याचा पत्ता सांगणारी फाइल. उबुंटूवर ती ‘ग्नूरेडिओ-डेव्ह’ या वेगळ्या पॅकेजात असते. ग्नू रेडिओ नेहमीच्या जागी बसवलेला नसेल, तर ती जागा ‘सीमेक प्रीफिक्स पाथ’मध्ये सांगावी.

मूळ २ : «पायथन बाइंडिंग्ज फॉर स्क्वेअर_एफएफ.एच आर आउट ऑफ सिंक»

भाष्य : सी++ कोड पायथनला जोडणारा दुवा म्हणजे बाइंडिंग. २०२१ च्या ३.९ आवृत्तीत ते बनवणारं स्विग गेलं आणि पायबाइंड११ आलं. तेव्हापासून बाइंडिंगच्या फाइलीत हेडरचा हॅश लिहिलेला असतो. हेडरमध्ये एक स्वल्पविराम जरी हलला तरी हॅश जुळत नाही. कोड बरोबर असेल, पण पायथनला दिलेलं त्याचं वर्णन शिळं झालेलं असतं. ‘जीआर मॉडटूल बाइंड’ चालवून ते ताजं करावं.

मूळ ३ : «अनडिफाइन्ड सिम्बॉल: _झेडएन२जीआर५हाउटो९स्क्वेअर_एफएफ४मेकईव्ही»

भाष्य : नवखा माणूस सर्वात जास्त घाबरतो तो या ओळीला. खरं तर हा एक लांबलचक समास आहे आणि विग्रहाची किल्ली त्याच्या पोटातच आहे. प्रत्येक आकडा पुढच्या नावातली रोमन अक्षरं मोजतो: २ म्हणजे जीआर, ५ म्हणजे हाउटो, ९ म्हणजे स्क्वेअर_एफएफ (अंडरस्कोर धरून), ४ म्हणजे मेक. ‘एन’ने नावांची साखळी उघडते, ‘ई’ने मिटते, शेवटचा ‘व्ही’ सांगतो की फंक्शन काहीच आर्गुमेंट घेत नाही. हाताने फोडायचं नसेल तर ‘सी++फिल्ट’ हेच काम करतो.

शंका : मेक आणि इन्स्टॉल बिनतक्रार झालं, मग सिम्बॉल हरवला कुठे?

समाधान : लिनक्सवर शेअर्ड लायब्ररी बांधताना काही नावं उधारीवर ठेवलेली चालतात. ती उधारी इम्पोर्टच्या वेळी वसूल होते. म्हणून ओळ चौथ्या टप्प्यात दिसली तरी दोष मागे शोधावा. आधी ‘लिब’ फोल्डरातली सीमेकलिस्ट्स उघडून ब्लॉकची ‘इम्पल’ फाइल यादीत आहे का ते पाहावं. यादीत नसेल तर ती कंपाइलच झालेली नाही. ती यादीत असेल, पण ‘व्ही’च्या जागी ‘एफ’ दिसत असेल आणि आपण नुकतंच ब्लॉकच्या ‘मेक’ फंक्शनला फ्लोट आर्गुमेंट दिलं असेल, तर बहुधा नव्या बाइंडिंगसोबत आधी बसवलेली जुनी लायब्ररी लोड होते आहे. ती शोधून काढून टाकावी.

मूळ ४ : «कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल»

भाष्य : लायब्ररी बांधून झाली आहे, पण लोडरच्या वहीत तिची नोंद नाही. इन्स्टॉलनंतर ‘सुडो एलडीकॉन्फिग’ चालवलं की बहुतेक वेळा काम होतं.

उपसंहार : एरर आली की ‘बिल्ड’ फोल्डर पुसून पुन्हा सुरुवात करण्याची सवय अनेकांना असते. तिसऱ्या ओळीमागची ‘इम्पल’ फाइल सीमेकलिस्ट्सच्या यादीत नसेल, तर शंभरदा पुसूनही तीच ओळ येईल. आधी टप्पा ओळखावा, मग शब्द फोडावा. पुसायचं की नाही हे त्यानंतर ठरवावं.