गोदाकाठचे जलरंग : अभ्यासकांसाठी प्रस्तावना

महाराष्ट्रात बहुतेकांची जलरंगाशी ओळख एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांमध्ये होते आणि तिथेच थांबते. त्यामुळे जलरंग म्हणजे तैलरंगाकडे जाण्याची पहिली पायरी, असा समज पक्का झाला आहे. नाशिकच्या निसर्गचित्रांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने हा समज आधी बाजूला ठेवावा.

जलरंग हे प्रवाशांचे माध्यम. पेटी झोळीत मावते, चित्र जागेवरच वाळते. अठराव्या शतकाच्या अखेरीस थॉमस आणि विल्यम डॅनिएल हे काका-पुतणे हिंदुस्थानभर हिंडले, ते कागद आणि रंग बरोबर घेऊनच. पुढे 1857 साली मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि हे तंत्र मराठी चित्रकारांनी आपलेसे केले. सावळाराम लक्ष्मण हळदणकरांची म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातली दीपधारी स्त्री अनेकांना तैलचित्र वाटते. ती जलरंगातली आहे.

नाशिकमध्ये या माध्यमाची खरी परीक्षा होते ती काळ्या दगडात. काळाराम मंदिर, नारोशंकराचे मंदिर, घाटाच्या ओल्या पायऱ्या हे सारे गडद. तिथे ट्यूबमधला काळा रंग सरळ लावला की दगड मेलाच. जाणता चित्रकार निळ्यात तपकिरी मिसळून तो काळेपणा जिवंत ठेवतो आणि पाण्यावरच्या उन्हासाठी कागदाचा पांढरा तसाच राखतो. पारदर्शक जलरंगात पांढरा नंतर लावायचा नसतो, आधीच वाचवायचा असतो. हवाही चित्रात उतरते. श्रावणात वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, बराच वेळ ओला राहतो आणि कडा एकमेकींत विरघळतात. मे महिन्यात ब्रश उचलण्याआधीच रंग वाळू लागतो, कडा टणक होतात. नुसत्या कडा नीट पाहिल्या तरी चित्र कोणत्या ऋतूत, स्पॉटवर झाले की घरी, याचा अंदाज बांधता येतो. अभ्यासाची सुरुवात मी इथूनच करायला सांगेन.

ही चित्रे शहराची नोंदही आहेत. नाशिककर गोदावरीचा पूर काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. हा मारुती ज्या चित्रात आहे, त्यात त्या दिवशीचे पाणी किती होते हे दिसते. पुढे नदीच्या पात्रात काँक्रीट आले. त्याआधीचा काठ पाहायचा तर या कागदांकडेच यावे लागते. चित्रकार शिवाजी तुपे यांनी इथले घाट, वाडे आणि मंदिरे रंगवली, म्हणून कलेच्या इतिहासाइतकेच त्यांचे काम नगराच्या इतिहासासाठीही मोलाचे आहे.

प्रवासाचा प्रश्न यानंतर येतो. प्रफुल्ल सावंत यांच्यासारखे चित्रकार नाशिकच्या घाटांवरून देशोदेशीच्या रस्त्यांपर्यंत पोहोचले. परक्या गावचा प्रकाश रंगवताना गोदाकाठावर तयार झालेली नजर काय टिपते आणि काय सोडते? माझ्या मते प्रवासातली चित्रे घरच्या चित्रांशेजारी ठेवल्याशिवाय याचे उत्तर मिळणार नाही.

हे क्षेत्र अजून मोकळे आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाचे इथे स्वागत आहे. आपल्या घरात घाटाचे एखादे जुने जलरंगचित्र असेल, तर ते थेट उन्हापासून दूर ठेवा, कारण काही लाल रंग उन्हाने विटतात. चित्राचे छायाचित्र काढा आणि चित्रकार, जागा व साल यांची माहिती घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आजच लिहून घ्या.