जज, अ‍ॅरन : २०२२ चा करार
अमेरिकी बेसबॉलमध्ये सहा वर्षांची सेवा भरली आणि करार संपला की खेळाडू मुक्त होतो. मग कोणताही संघ त्याच्याशी बोलणी करू शकतो. न्यूयॉर्क यांकीजचा फलंदाज अ‍ॅरन जज या हक्काच्या उंबरठ्यावर होता. एप्रिल २०२२ मध्ये त्याने यांकीजचा सात वर्षांचा २१.३५ कोटी डॉलरचा प्रस्ताव नाकारला. एखादी मोठी दुखापत झाली असती, तर हातचे सारे गेले असते. म्हणूनच हे धाडस मोठे. त्याच मोसमात, ४ ऑक्टोबरला, टेक्ससमध्ये ६२ वा होमरन मारून त्याने रॉजर मॅरिसचा १९६१ पासूनचा अमेरिकन लीगमधील एका मोसमातील होमरनचा विक्रम मोडला. मोसमानंतर तो मुक्त झाला, तेव्हा सॅन फ्रान्सिस्को जायंट्स हा संघही त्याच्यासाठी उत्सुक होता. डिसेंबरमध्ये तो यांकीजकडेच राहिला : नऊ वर्षे, ३६ कोटी डॉलर आणि संघाचे कर्णधारपद.