मुळांच्या गाठीतला हिशेब

भोर आणि वेल्हे या भागांत भात कापून खाचर मोकळे झाले, की अंगओलीवर वाल, हरभरा, मसूर टाकण्याची रीत जुनी आहे. कडधान्याने जमिनीला कस येतो, हे आपल्या वाडवडिलांना अनुभवाने ठाऊक होते. तो का येतो, याचा उलगडा मात्र गेल्या दीडशे वर्षांतला आहे.

१८८६ साली जर्मनीत हेल्रीगेल यांनी दाखवून दिले, की वाटाण्यासारखी पिके मुळांवरच्या गाठींच्या बळावर हवेतला नत्र वापरतात. १८८८ साली हॉलंडमध्ये बायरिंक यांनी त्या गाठींतला जिवाणू वेगळा काढून वाढवला. कारागीर सापडला. पण नत्राची ही कमाई तो स्वतःकडे न ठेवता पिकाला का देतो?

याचे उत्तर समजायला आधी जिवाणूचा घरखर्च पाहिला पाहिजे. भिंतीला जशा विटा, तशी प्रथिनांना अमिनो आम्ले. जिवाणू या विटा घरी पाडतो, आणि मिळाल्या तर बाहेरूनही आणतो. १९५३ साली पॅरिसमध्ये मोनो आणि कोहेन-बाझिर यांना असे दिसले, की ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल जिवाणूला आयते मिळाले, तर ते घडवणारे अवजारच तो बनवीनासा होतो. १९५६ साली अमेरिकेत अंबर्गर यांनी दाखवले, की आयसोल्युसीन पुरेसे साठले, म्हणजे तेच आपल्या उत्पादनाची पहिली पायरी अडवते. कणगी भरली, की पेरणीला कोण धावेल? जिवाणूही तसाच काटकसरी!

आता पुन्हा गाठीकडे या. २००३ आणि २००९ साली इंग्लंडमधील संशोधकांनी वाटाण्याच्या गाठी तपासल्या. मातीत मोकळा असताना हा जिवाणू ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही तीन अमिनो आम्ले स्वतः करतो. गाठीत शिरल्यावर ते काम तो जवळजवळ बंद करतो आणि ती पिकाकडून घेतो. अमिनो आम्ले आत घेण्याची त्याची दारे संशोधकांनी बिघडवली, तेव्हा हिरवी रोपे पिवळी पडली; त्यांची नत्रावाचून उपासमार झाली. म्हणजे ही सावडच म्हणायची. पण सावडीचा दोर पिकाच्या हाती. पुरवठ्यावरून गाठीतल्या जिवाणूंची वाढ पीकच ठरवते.

हा प्रयोग वाटाण्यावरचा. वाल आणि हरभरा यांचे जिवाणू वेगळ्या जातींचे आहेत. म्हणून बियाण्याला लावायचे जिवाणू खत त्या त्या पिकाचेच घ्यावे लागते. पण एक गोष्ट या सर्व पिकांना लागू आहे. जमिनीत नत्र भरपूर झाला, की पीकही हिशेब करते आणि गाठी कमी धरते. तेव्हा कडधान्यावर युरियाची पाटी रिकामी करणे म्हणजे आपल्याच पैशाने घरच्या गड्याला रजा देणे होय.

शिक्षकांनी मुलांना शेतावर न्यावे. फुलावर आलेले एक रोप हलक्या हाताने मुळासकट काढावे आणि एक गाठ नखाने फोडावी. आतून ती गुलाबी दिसली, तर काम चालू आहे असे समजावे. पांढुरकी किंवा हिरवट दिसली, तर नत्राचे काम चालू नाही असे जाणावे. या धड्याला फळा लागत नाही.