मेमोरियल ब्रिज, बँकॉक

मेमोरियल ब्रिज, बँकॉक : थायलंडच्या राजधानीत चाओ फ्राया नदीवर असलेला स्मारक-पूल. अधिकृत नाव फ्रा फुत्तयोत्फा पूल. बोलण्यात नुसते ‘सफान फुत’. चक्री राजघराणे व बँकॉक राजधानी यांना दीडशे वर्षे झाली, त्या निमित्ताने राजा प्रजाधिपोक (सातवा राम) याने ६ एप्रिल १९३२ रोजी तो खुला केला. पुलाला नाव आहे ते घराण्याचा संस्थापक पहिला राम (कार. १७८२–१८०९) याचे.

पुलाच्या एका टोकाला थोनबुरी आहे. ताक्सिनने १७६७ ते १७८२ या काळात तेथून राज्य केले. दुसऱ्या टोकाला फ्रा नखोन असून पहिल्या रामाने राजधानी तेथे हलवली. त्यानंतर दीडशे वर्षे या दोन काठांमधली ये-जा होड्यांवरच चाले. सहावा राम पूल (१९२७) आधीचा खरा. पण तो रेल्वेसाठी बांधलेला आणि नदीच्या वरच्या अंगाला बराच दूर. पोलादी मेमोरियल ब्रिज इंग्लंडच्या डॉर्मन लाँग कंपनीने बांधला. सिडनीचा हार्बर ब्रिजही त्याच कंपनीचा आणि त्याच वर्षीचा. जहाजांना वाट देण्यासाठी मधल्या गाळ्याचे दोन पंख वर उचलले जात. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत पुलाचे नुकसान झाले व युद्धानंतर तो दुरुस्त झाला.

चक्री घराणे दीडशे वर्षेच टिकणार, अशी वदंता त्या काळी शहरात होती. उद्‌घाटनाला तीन महिनेही झाले नव्हते, तोच २४ जून १९३२ रोजी सत्तांतर होऊन अनियंत्रित राजसत्ता संपली. घराणे टिकले, प्रजाधिपोकने मात्र १९३५ मध्ये सिंहासन सोडले. त्याच्या नावाचा फ्रा पोक्क्लाओ पूल शेजारीच १९८४ मध्ये झाला. म्हणजे ज्याने पूल खुला केला, त्याला स्वतःचा पूल मिळायला अर्धशतक लागले. या दुसऱ्या पुलाच्या मधोमध, रद्द झालेल्या रेल्वे-प्रकल्पाच्या अर्धवट सांगाड्यावर, २०२० मध्ये २८० मी. लांबीची बाग करण्यात आली. मेमोरियल ब्रिजची पोलादी चौकट नीट पाहायची तर ती इथूनच. खुद्द पुलावर वाहनांचा गोंगाट फार.

फ्रा नखोनच्या टोकाला पहिल्या रामाचा सिंहासनस्थ ब्राँझ पुतळा आहे. तो इटालियन शिल्पकार कोराडो फेरोची याने घडवला. पुढे तो सिल्पा भिरास्री या थाई नावाने ओळखला गेला. जवळच पाक ख्लोंग तलात हा फुलबाजार रात्रंदिवस चालतो. दादरचा फुलबाजार पाहिलेल्याला तिथले झेंडूचे ढीग ओळखीचे वाटतील. कमळांचे काम मात्र निराळे : विक्रेत्या कळीची एकेक पाकळी आत दुमडतात आणि मग ती पूजेला देतात. पलीकडच्या काठावर वाट प्रयुन या बौद्ध मंदिराचा मोठा पांढरा स्तूप असून त्याच्या जतनकार्याला २०१३ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तिथून थोडे पुढे पोर्तुगीज वंशजांची कुडी चीन वस्ती व सांताक्रूझ चर्च आहे.

पुलालगत नदीबोटींचा धक्का असून सनाम चाय मेट्रो स्थानकातून फुलबाजारमार्गे पायी येता येते.