नावडतीचे मीठ अळणी : बीटल्सच्या नकोशा गीतांची कथा

एखाद्या गायकाचे अथवा वाद्यवृंदाचे सर्वोत्कृष्ट गीत कोणते, हा रसिकांमधील वाद पुरातन आहे व त्याचा निकालही बहुधा अगोदरच ठरलेला असतो. परंतु ज्यांच्या गाण्यावर आयुष्यभर जीव जडला, त्यांचेच सर्वांत नावडते गीत कोणते, असा प्रश्न कोणी टाकला की बैठकीचा रंग तत्काळ पालटतो. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरी उदयास आलेल्या बीटल्स या चौकडीच्या बाबतीत हा दुसरा वाद अर्धशतकाहून अधिक काळ चालत आला आहे. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन व रिंगो स्टार या चौघांची 'लव्ह मी डू' ही ध्वनिमुद्रिका ऑक्टोबर १९६२ मध्ये निघाली आणि १९७० साली ते विभक्त झाले. अवघ्या आठ वर्षांच्या या संसाराची चिकित्सा त्यांचे भक्त अद्यापि करीत आहेत. नावडतीचे मीठ अळणी, असे आपल्याकडे म्हणतात. पण मीठ खरोखरच अळणी होते, की नावडती ठरल्यामुळे ते तसे लागले, हाच या वादातील खरा प्रश्न होय.

नावडते गीत घराघरांत शिरले कसे, याचे कारण प्रथम यंत्रात शोधावे लागते. मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. ग्राहक आपल्या आवडीचे गीत पाहून तबकडी घेई आणि फार तर मागील बाजूचे एखादे गाणे त्याच्या पदरी अनायासे पडे. १९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने दीर्घकाल वाजणारी तबकडी बाजारात आणली व हा व्यवहार पालटला. बीटल्सच्या ब्रिटनमधील बहुतेक आरंभीच्या दीर्घ तबकड्यांवर चौदा गीते असत. त्यांतील दहा प्रिय असली तरी उरलेली चारही घरात येत, आणि प्रत्येक वेळी उठून सुई उचलण्याचा कंटाळा असल्यामुळे ती ऐकलीही जात. शेकडो वेळा ऐकून मनात घट्ट बसलेली ही नावड असल्यामुळे तिला ऐकीव निंदेहून निराळे वजन आहे.

या वादात ज्याचे नाव हटकून निघते, असे एक गीत म्हणजे डिसेंबर १९६४ मधील 'बीटल्स फॉर सेल' या तबकडीवरील 'मिस्टर मूनलाइट'. त्या वर्षी चौकडीने अमेरिका गाजविली होती, एक चित्रपट पुरा केला होता, आणि दौऱ्यांना तर खंडच नव्हता. नाताळच्या बाजारासाठी नवी तबकडी हवी होती, पण नवी गीते रचण्यास सवड कोठून मिळणार? अखेर चौदांपैकी आठ गीते स्वतःची व सहा इतरांची, अशी जुळवाजुळव झाली. 'मिस्टर मूनलाइट' हे त्या उसन्या सहांपैकी एक. भक्तांची तक्रार एवढीच नाही की ते गीत दुबळे आहे. त्याच सुमारास ध्वनिमुद्रित झालेले 'लीव्ह माय किटन अलोन' हे जोरकस गीत बाजूस ठेवले गेले व ते अधिकृतपणे ऐकावयास १९९५ साल उजाडावे लागले, हे त्यांचे खरे दुःख आहे. उलटपक्षी, लेननच्या आरंभीच्या त्या खणखणीत आरोळीसाठी सारे गीत क्षम्य मानणारेही पुष्कळ आहेत.

काही गीतांची नावड काळाबरोबर वाढत गेली. डिसेंबर १९६५ मधील 'रबर सोल' या तबकडीचा शेवट 'रन फॉर युअर लाइफ' या गीताने होतो. त्यात मत्सराने पेटलेला प्रियकर प्रेयसीस जिवे मारण्याची धमकी देतो. त्या काळी असा आशय अमेरिकन लोकप्रिय संगीतात नवा नव्हता आणि या गीतातील एक ओळ तर एल्व्हिस प्रेस्लीने गायिलेल्या एका गाण्यातूनच घेतलेली होती. पुढे स्त्रीविषयक विचार बदलला, तसे हे गीत श्रोत्यांना बोचू लागले. स्वतः लेननने पुढे हे आपले नावडते गीत असल्याचे सांगितले, परंतु हॅरिसनला मात्र ते आवडत असे. एकाच घरातील दोघांचे जेथे एकमत नाही, तेथे परक्यांचे कसे व्हावे?

याच्या उलट प्रवास एका भारतीय वळणाच्या गीताने केला. १९६७ च्या 'सार्जंट पेपर' या तबकडीच्या दुसऱ्या बाजूचा आरंभ हॅरिसनच्या 'विदिन यू विदाउट यू' या गीताने होतो. पंडित रविशंकरांकडे सतारीचे शिक्षण घेतलेल्या हॅरिसनने येथे दिलरुबा, तंबोरा, स्वरमंडल व तबला यांना पाश्चात्य व्हायोलिनांची जोड दिली. तबल्यावर सोळा मात्रांचा त्रिताल चालतो व मधल्या वाद्यभागात दहा मात्रांचा झपताल येतो. लंडनमधील भारतीय वादकांनी साथ केली, पण त्यांची नावे तबकडीच्या वेष्टनावर छापली गेली नाहीत. हॅरिसनखेरीज चौकडीतील कोणीही या गीतात वाजविले नाही. पाच मिनिटांचे हे गीत कित्येक पाश्चात्य श्रोत्यांना कंटाळवाणे वाटले व त्यांची सुई थेट पुढच्या गमतीदार गीतावर जाऊन टेकू लागली. आज मात्र त्याच तबकडीचे मर्म या गीतात आहे, असे आग्रहाने प्रतिपादन करणारा पक्ष बलवान झाला आहे. गीत तेच राहिले आणि कानांची तयारी वाढली. हॅरिसनचा हा ओढा पुढे मुंबईपर्यंत पोहोचला. जानेवारी १९६८ मध्ये येथील एच.एम.व्ही.च्या ध्वनिमुद्रणगृहात त्याने भारतीय वादकांकडून 'दि इनर लाइट' या गीताचे वादन मुद्रित करून घेतले. हेही गीत त्याच वर्षी एका तबकडीच्या मागील बाजूस गेले आणि बराच काळ उपेक्षित राहिले.

वादाचे कुरुक्षेत्र मात्र नोव्हेंबर १९६८ मध्ये निघालेली, पांढऱ्या वेष्टनाची जोड तबकडी हेच होय. तिच्यावर तीस गीते आहेत. निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे मत असे होते की, निवड करून एकच उत्तम तबकडी काढावी. त्यांचे ऐकले गेले नाही, पण तेव्हापासून कोणती गीते गाळावी याची यादी करणे हा रसिकांचा आवडता खेळ होऊन बसला. बहुतेकांच्या यादीत प्रथम छाट पडते ती 'रेव्होल्यूशन नाइन' वर. आठ मिनिटांहून अधिक लांबीची ही रचना लेननने योको ओनो व हॅरिसन यांच्या साहाय्याने, ध्वनिफितींचे तुकडे जोडून सिद्ध केली. तीत ना चाल, ना ठेका. मॅकार्टनी त्या सुमारास अमेरिकेत होता, व ती प्रसिद्ध करण्यास त्याचा आणि मार्टिन यांचा विरोध होता. विरोधकांच्या मते हे संगीतच नव्हे. समर्थक विचारतात, ज्या लाखो घरांत असे प्रयोगशील ध्वनिसंयोजन एरवी कधीच शिरले नसते, तेथे ते या तबकडीमुळे शिरले, हे काय थोडे झाले? त्याच तबकडीवरील 'ऑब-ला-डी, ऑब-ला-डा' या मॅकार्टनीच्या गीताचा अपराध नेमका उलटा आहे. ते फार सोपे, फार गोड! जुलै १९६८ मध्ये ते पुनःपुन्हा ध्वनिमुद्रित होत असता लेनन वैतागला, आणि त्या तंग वातावरणास कंटाळून ध्वनियंत्रज्ञ जेफ एमरिक काम सोडून निघून गेला. तरीही मार्मालेड या स्कॉटिश मंडळीने तेच गीत गाऊन जानेवारी १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक पटकावला. एकाच तबकडीवर अति दुर्बोध व अति सुबोध अशी दोन्ही गीते दोषी ठरावीत, यावरून नावडीला एकच एक गज नसतो हे उघड होते.

'मॅक्सवेल्स सिल्व्हर हॅमर' या १९६९ च्या गीताविषयी तर चौकडीतच दुफळी होती. मॅकार्टनीने त्यासाठी सहकाऱ्यांना इतके राबविले की रिंगो स्टारने पुढे त्या बैठकींची आठवण अत्यंत कडवटपणे सांगितली. लेनन तर त्यात वाजविण्यास उतरलाच नाही. 'दि लाँग अँड वाइंडिंग रोड' या गीताची कथा निराळी. फिल स्पेक्टर याने एप्रिल १९७० मध्ये त्यावर वाद्यवृंद व गायिकांचा ताफा चढविला. मॅकार्टनीला हा साज असह्य झाला, इतका की भागीदारी मोडण्यासाठी त्याने केलेल्या दाव्यात त्याचाही उल्लेख आला. २००३ साली तो साज उतरवून गीत पुन्हा प्रसिद्ध झाले, तेव्हा साजासह ऐकण्याची सवय झालेल्या कित्येकांना ते उघडेबोडके वाटले!

१९८७ साली बीटल्सच्या तबकड्या कॉम्पॅक्ट डिस्कच्या रूपाने निघू लागल्या व एक कळ दाबताच नकोसे गीत ओलांडता येऊ लागले. डिसेंबर २०१५ पासून हे सारे संगीत इंटरनेटवरील गानसेवांतून मिळू लागले. आता ज्याला जे नको, ते त्याच्या कानी पडण्याचे कारणच उरले नाही. ही सोय मोठी खरी, परंतु तिची किंमतही लहान नाही. 'विदिन यू विदाउट यू' हे गीत ज्यांना प्रथम रुचले नाही व पुढे प्रिय झाले, त्यांच्या घरी ते सक्तीने राहिले होते म्हणूनच त्यांचे मन वळले. नावडते गीत मुकाट्याने वगळले जाऊ लागले, तर त्याविषयी भांडणेही थांबतील आणि भांडणाबरोबर मत बदलण्याची संधीही जाईल. ज्या भक्तांनी तीस गीतांतील कोणती पंधरा गाळावी म्हणून रात्री जागविल्या, त्यांनी ती तीसही गीते मन लावून ऐकली होती. नकोशा गीतांना एवढे लक्षपूर्वक ऐकणारा श्रोतृवर्ग लाभावा, हे बीटल्सचे भाग्य खरे!