लेकराची वही आणि आईबापाचा हक्क

मस्तगडला बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ आम्ही कार्यकर्ते बसलो होतो. सातवीतल्या एका मुलाची आई मोबाईल घेऊन आली. शाळेच्या ग्रुपवर इंग्रजीत मेसेज होता. "दादा, एवढं वाचून सांगा," म्हणाली. विज्ञानाचा प्रकल्प शनिवारपर्यंत जमा करायचा होता आणि तो शनिवार होऊन गेला होता. सामानाला पैसे लागतील म्हणून पोराने घरी सांगितलेच नव्हते. बाप रोलिंग मिलमध्ये रात्रपाळीला.

शाळेच्या लेखी निरोप पोहोचला होता, घराच्या लेखी तो आलाच नव्हता. आणि ठपका कोणावर? "तुमच्या वस्तीतले पालक लक्षच देत नाहीत."

हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आज त्याला इतिहासातून उत्तर देऊ या.

परीक्षा चारचौघांत होत असे

1848 साली पुण्यात भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीमाईंनी मुलींची शाळा काढली. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. 1852-53 च्या सुमारास या शाळांच्या परीक्षा जाहीरपणे घेतल्या जात. लोकांसमोर प्रश्न विचारायचे, मुलींनी उभे राहून उत्तरे द्यायची, आणि बघायला गर्दी लोटायची. साहेब लोक आणि देणगीदार यांनाही शाळेचे काम दाखवायचे होते, हे खरेच. पण या पद्धतीत आणखी एक गोष्ट साधत होती. ज्यांना हजारो वर्षे अक्षराजवळ फिरकू दिले नाही, त्यांनाही अशा वेळी मूल काय शिकले ते समजू शकत होते. ऐकायला अक्षरओळख लागत नाही!

त्याच शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध आठवा. चौदा वर्षांची मांग समाजातली मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिले आणि 1855 साली 'ज्ञानोदय'ने ते छापले. निबंधात तिच्या माणसांची उपासमार होती, बायांच्या बाळंतपणाचे हाल होते, ज्यांना वेद पाहण्याचाही अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, हा जळजळीत सवाल होता. आजच्या भाषेत हा एका शाळकरी मुलीचा 'प्रकल्प'च होता. त्याचा विषय तिचे घर होते, म्हणून तो तिच्या घराला परका नव्हता. आजचा प्रकल्प काय असतो? दुकानातून तयार चित्रे आणा, कार्डशीटवर चिकटवा आणि मार्क घ्या. ज्याच्या बापाच्या खिशात पैसे, त्याचा प्रकल्प देखणा.

रामजीबाबांना वही वाचता येत होती

"बाबासाहेब शिकले, मग तुम्ही का नाही?" असे विचारणारे रामजी सुभेदारांना विसरतात. रामजीबाबा लष्कराच्या शाळेत शिक्षक होते. 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवाचे नाव दाखल झाले, तेव्हा शाळेत त्याला वेगळे बसावे लागे. पण घरी त्याचा अभ्यास घेणारा बाप होता. मुंबईत परळच्या खोलीत पोराला पहाटे दोन वाजता अभ्यासाला उठवणारा, पुस्तकासाठी लेकींचे दागिने गहाण टाकणारा बाप होता.

रामजीबाबांचा त्याग थोर आहेच. पण त्या त्यागाला अक्षराची जोड होती, आणि ते अक्षर लष्करातून आले होते. 1892 च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली आणि असे रामजी घडवणारी वाटच तुटली. मग लक्ष न देण्याचा दोष त्या पिढीतल्या बापांचा, की दार लावणाऱ्यांचा?

आमच्या मराठवाड्यात

आमच्या जालन्याच्या गढीत 1725 सालचा शिलालेख आहे. तो फारसीत आहे. राज्य करणाऱ्यांचा मजकूर आणि राबणाऱ्यांची भाषा यांची गाठ पडत नव्हती, ही गोष्ट इथे दगडात कोरलेली आहे. पुढे निजामी राजवटीत कारभाराची भाषा उर्दू झाली. वरच्या शिक्षणाचे माध्यमही उर्दूच. 1918 चे उस्मानिया विद्यापीठ त्याच माध्यमाचे. दोष उर्दूचा नाही, ती आमच्या शेजाऱ्यांची भाषा आहे. दोष त्या भिंतीचा आहे, जिच्या एका बाजूला पोराचे पुस्तक आणि दुसऱ्या बाजूला आईची बोली.

1950 साली बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद. त्यामुळे मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत पहिला पदवीधर झाला. पण भिंत पुरती पडली नाही. पूर्वी ती उर्दूची होती, आता ग्रुपवरच्या इंग्रजी मेसेजची आहे.

कायदा काय म्हणतो?

मित्रांनो, ही मेहेरबानी मागण्याची गोष्ट नाही. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 24 वाचा. पालकांच्या नियमित बैठका घेणे आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती त्यांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम 21 नुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा हवी. ही समिती आपल्या शाळेत कधी निवडली गेली, त्यात आपल्या वस्तीतले कोण आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

इथे आम्हाला आमचाही कान धरला पाहिजे. जयंतीच्या मिरवणुकीची बैठक आम्ही महिनाभर आधी घेतो. शाळेच्या पालकसभेला मात्र आम्ही जात नाही.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. शाळेचा निरोप मराठीत यावा आणि जिथे वाचता येत नाही तिथे आवाजात यावा. सभा मजुराची हजेरी बुडणार नाही अशा वेळी व्हावी. ऊसतोडीला गेलेल्या आईबापाला फोनवर कळवावे, कारण पोर आजीपाशी असले तरी पालक तेच आहेत. प्रकल्पाचा विषय गल्लीतला, नळाच्या पाण्याचा, मिलच्या धुराचा असावा. आणि सहामाहीत एकदा मुलांनी आपली वही बुद्धविहारात सगळ्यांसमोर वाचून दाखवावी. फुल्यांच्या शाळेची ती रीत आपणच पुन्हा सुरू करू शकतो, तिला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

त्या आईला आम्ही मेसेज वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर शाळेत गेलो आणि प्रकल्पाला चार दिवस वाढवून मिळाले. पण दरवेळी कोणीतरी दादा सोबत असावा लागतो, हीच तर आपली अजून न संपलेली लढाई आहे.

जय भीम! जय जोती! जय सावित्री!