कुरडू

राजगिऱ्याच्या कुळातली वर्षायू रानवनस्पती. शास्त्रीय नाव सेलोसिया अर्जेन्शिया. खरिपात बाजरी-भुईमुगाच्या रानात ती आपोआप उगवते आणि खुरपणीत तण म्हणून उपटली जाते. खरे तर पावसाळ्यात तिच्या कोवळ्या पानांची चविष्ट भाजी होते. बागेतला कोंबडा तिचाच भाऊबंद.

लागवड सोपी. बी काळे, चकचकीत, मोहरीहूनही बारीक. ते वाळूत मिसळून पहिल्या पावसानंतर उन्हाच्या जागी फेकावे. वर मातीचा जेमतेम थर पुरे. दाट रोपे विरळ करताना उपटलेली थेट भाजीला घ्यावीत.

फुलोऱ्याचे टोक गुलाबी, खाली उतरत रुपेरी पांढरे. वाळल्यावरही तुरा टिकतो. मात्र बी पिकण्याआधीच तुरे खुडावेत, नाहीतर पुढल्या पावसात वाफाभर कुरडूच.